हसू आपले, पण हसते कोण?

डॉ. मार्टिन ल्यूथर किंग ४ एप्रिल १९६८ रोजी मेम्फिस शहरात गोळी लागून मेले नाहीत. ते नुसते बेशुद्ध होते आणि २००० साली शुद्धीवर आले. मग त्यांना आपल्या समाजाची काय अवस्था दिसली? ही कल्पना घेऊन अमेरिकेत एका कार्टून मालिकेचा एक भाग तयार झाला. मालिकेचे नाव 'द बूनडॉक्स'. १५ जानेवारी २००६ रोजी, म्हणजे किंग यांच्या जन्मदिनीच, तो तेथील दूरचित्रवाणीवर दाखवण्यात आला.

शुद्धीवर आलेल्या किंगचे आधी कौतुक होते. पण ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर शत्रूवरही प्रेम करा हे आपले जुनेच तत्त्व ते सांगतात आणि रातोरात देशद्रोही ठरतात. मालिकेतील दहा वर्षांचा मुलगा ह्यूई फ्रीमन त्यांना राजकीय पक्ष काढायला लावतो. पक्षाच्या पहिल्या सभेला तोबा गर्दी होते, पण ती सभा नसतेच, नाचगाण्याचा धिंगाणा असतो. किंग माईकसमोर उभे राहतात, त्यांचे कोणी ऐकत नाही. आणि मग अहिंसेचा हा पुरस्कर्ता आपल्याच माणसांना असे फैलावर घेतो की सगळे सभागृह चिडीचूप होते. ज्या शब्दाने गोऱ्या मालकांनी काळ्या माणसाला शतकानुशतके हिणवले, तोच शब्द किंगच्या तोंडी पुन्हा पुन्हा येतो. याच दिवसासाठी आपण मार खाल्ला काय, असे विचारून ते निघून जातात, थेट कॅनडात. त्यानंतर समाज खडबडून जागा होतो असे दाखवले आहे, पण ते स्वप्न म्हणून.

या भागावर अमेरिकेत वादळ उठले. रेव्हरंड अल शार्प्टन यांनी वाहिनीने माफी मागावी अशी जाहीर मागणी केली. हुतात्म्याच्या तोंडी हा शब्द घालता, हा किंगचा आणि चळवळीचा अपमान आहे, असे त्यांचे म्हणणे. वाहिनीने माफी मागितली नाही. उलट याच भागाला २००६ सालचा पीबॉडी पुरस्कार मिळाला, जो अमेरिकेत दूरचित्रवाणीच्या गंभीर कामाला दिला जाणारा मानाचा पुरस्कार समजला जातो. एकच बावीस मिनिटांची गोष्ट. एकाला ती विटंबना वाटते, दुसऱ्याला ती वर्षातली सर्वोत्तम कामगिरी वाटते.

अमेरिकेतल्या कार्टूनशी आपल्या चळवळीचा काय संबंध, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. संबंध जुना आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिली, ती काळ्यांना दास्यातून मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केली. बाबासाहेबांनी १९४६ साली कृष्णवर्णीयांचे थोर विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहून, काळ्यांच्या वतीने संयुक्त राष्ट्रांकडे गेलेल्या अर्जाची प्रत मागवली. १९७२ साली आपल्या तरुणांनी संघटना काढली, तेव्हा नावसुद्धा 'ब्लॅक पँथर'वरून घेतले. ह्यूई फ्रीमन हे नाव ऐकताच त्या ब्लॅक पँथरचा संस्थापक ह्यूई न्यूटन आठवावा अशीच योजना आहे. तेव्हा ही भाऊबंदांची गोष्ट आहे. आणि भाऊबंदांच्या घरातले भांडण पाहून आपल्या घरातली भांडी कुठे वाजतात ते कळते.

मालिकेचा कर्ता अॅरन मॅकग्रुडर. जन्म शिकागोचा, वाढला मेरीलँडमधल्या एका उपनगरात. विद्यार्थीदशेत १९९६ साली त्याने विद्यापीठाच्या दैनिकात व्यंगचित्रांची पट्टी सुरू केली. एप्रिल १९९९ पासून ती देशभरच्या वृत्तपत्रांत येऊ लागली. २००१ च्या हल्ल्यानंतर सगळी अमेरिका झेंडे फडकवत असताना या पठ्ठ्याने बिन लादेनला पूर्वी पोसले कोणी असा सवाल पट्टीतून केला आणि काही वृत्तपत्रांनी ती काही काळ काढून टाकली. नोव्हेंबर २००५ मध्ये याच पट्टीची कार्टून मालिका झाली. गोष्ट साधी आहे. आजोबा आपल्या दोन नातवांना शिकागोच्या दक्षिण भागातल्या काळ्या वस्तीतून उचलून वुडक्रेस्ट नावाच्या गोऱ्यांच्या उपनगरात राहायला नेतात. थोरला ह्यूई सतत क्रांतीचा विचार करणारा, धाकटा रायली गुंडगिरीच्या गाण्यांनी भारावलेला, आणि आजोबांना फक्त सुखाने जगायचे आहे. बीडीडी चाळीतून किंवा जोगेश्वरीच्या झोपडपट्टीतून निघून नव्या सोसायटीत फ्लॅट घेतलेल्या, आडनाव विचारले की क्षणभर थांबणाऱ्या आपल्या कुटुंबांना हे घर परके वाटणार नाही.

या मालिकेत कोणाचीही गय केलेली नाही. राष्ट्राध्यक्ष बुश, गोरे श्रीमंत, पोलीस यांची नाहीच, पण काळे गायक, काळे पाद्री, काळे नेते यांचीही नाही. नेमके यावरूनच प्रेक्षकांत तट पडले. जुलै २००६ मध्ये पहिल्या पंधरा भागांचा डीव्हीडी संच बाजारात आला तेव्हा हे मतभेद अधिक ठळक झाले. कारण दूरचित्रवाणीवर रात्री एकदा पाहून विसरून जाणे वेगळे आणि डीव्हीडी घरात आणून, थांबवून, मागे नेऊन, चार मित्रांना बोलावून पुन्हा पाहणे वेगळे. वाहिनीवर शिव्यांवर 'पीं' असा आवाज घातला जाई. डीव्हीडीत तो नव्हता. काळ्यांना हिणवणारा तो शब्द मात्र वाहिनीवरही जसाच्या तसा ऐकू येत असे. यातली गंमत वाचकांनी लक्षात घ्यावी! साधी शिवी कानाला सोसत नाही, पण एका अख्ख्या समाजाला दिलेली शिवी सोसते.

ज्येष्ठ पिढीचा आक्षेप हलक्याने घेण्यासारखा नाही. ज्यांच्या अंगावर पोलिसांनी कुत्री सोडली, ज्यांना तो शब्द उच्चारून बसमधून उठवले, त्यांना तो शब्द नातवाच्या तोंडी विनोद म्हणून ऐकवत नाही. काळ्यांच्या सर्वांत जुन्या संघटनेने, म्हणजे एनएएसीपीने, जुलै २००७ मध्ये डेट्रॉइट शहरात या शब्दाची जाहीर प्रेतयात्रा काढून तो पुरला. त्याआधी २००२ साली 'बार्बरशॉप' नावाचा चित्रपट आला होता. केशकर्तनालयात बसलेला एक म्हातारा रोझा पार्क्स आणि किंग यांच्याविषयी वाटेल ते बोलतो, एवढ्यावरून जेसी जॅक्सन आणि शार्प्टन यांनी माफीची मागणी केली होती. रोझा पार्क्स तेव्हा हयात होत्या; त्या भूमिकेतला नट सूत्रसंचालक आहे म्हणून त्यांनी २००३ सालच्या पुरस्कार सोहळ्याकडे पाठ फिरवली. बसमधली जागा न सोडणाऱ्या त्या माउलीला हा विनोद लागला असेल, तर तिला तुम्हाला विनोद कळत नाही असे सांगणारे आपण कोण?

तरुणांचे म्हणणे वेगळे. मॅकग्रुडर नवीन काही सांगत नाही, आपल्या बैठकीत, स्वयंपाकघरात, न्हाव्याच्या दुकानात जे बोलले जाते तेच तो मोठ्याने बोलतो, असे ते म्हणतात. किंगच्या नावाने रस्ते झाले, सुट्टी झाली, टपाल तिकीट झाले. पण किंगचा राग कुठे गेला? व्हिएतनाम युद्धाला विरोध करणारा, मरणाच्या आदल्या दिवशी सफाई कामगारांच्या संपासाठी भाषण करणारा किंग कोणाच्या लक्षात आहे? चिडलेला किंग दाखवणे हा त्याचा अपमान नसून त्याला पुतळ्यातून बाहेर काढणे आहे, असा या तरुणांचा दावा. माझे मत या बाजूला झुकते. बाबासाहेबांनी १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याच्या सभेत शिकलेल्या लोकांनी आपल्याला दगा दिला, अशी खंत बोलून दाखवली होती. ते भाषण आठवले की या कार्टूनमधल्या किंगचा संताप अतिरंजित वाटत नाही. आपल्याकडेही कविसंमेलनात, पथनाट्यात बाबासाहेब आज परत आले तर काय म्हणतील हा विषय कितीदा येतो! पण आपल्या त्या कवितांतले बाबासाहेब बहुधा डोळ्यांतून टिपे गाळतात. ते ओरडत नाहीत, कोणाचे नाव घेऊन झापत नाहीत. खरे बाबासाहेब झापत असत.

याच मालिकेतले सर्वांत गाजलेले पात्र म्हणजे अंकल रकस. हा म्हातारा अंगाने काळाकुट्ट, पण स्वतःला गोरा समजतो. आपण जन्माने गोरे आहोत, एका आजारामुळे कातडी काळी पडली, असे तो लोकांना सांगत फिरतो. गोऱ्यांची स्तुती आणि काळ्यांची निंदा हाच त्याचा धर्म. एका भागात त्याला स्वर्ग दिसतो, तोही फक्त गोऱ्यांचा. पुढे एकदा त्याची डीएनए तपासणी होते आणि निकाल येतो : एकशे दोन टक्के आफ्रिकी, दोन टक्के चूक गृहीत धरून! असंख्य प्रेक्षकांचे हे सर्वांत आवडते पात्र, आणि तितक्याच प्रेक्षकांना त्याच्या तोंडची वाक्ये ऐकवत नाहीत. मला विचाराल तर रकसवर हसताना हसू घशात अडकते, कारण हा माणूस आपण पाहिलेला आहे. तो बावीस प्रतिज्ञा पाठ म्हणतो आणि घरात सत्यनारायण घालतो. तो आरक्षणाने नोकरीला लागतो आणि निवृत्तीनंतर आरक्षणाने देशाचे नुकसान झाले असे सांगतो. मुलीच्या लग्नपत्रिकेत तो आडनाव बदलतो. त्याच्यावर आपल्याकडे लेख पुष्कळ लिहिले गेले, पण त्याला असे नाव, असा चेहरा, अशी चाल देणारा विनोद फारसा झाला नाही.

इथे डीव्हीडीचे खरे महत्त्व येते. रकसच्या डीएनए तपासणीचा तो भाग आणि ह्यूईच्या उपोषणाचा भाग, असे दुसऱ्या हंगामातले दोन भाग २००८ साली अमेरिकेतील दूरचित्रवाणीवर दाखवलेच गेले नाहीत. त्यांत टीका होती ती बीईटी या वाहिनीवर. १९८० साली एका काळ्या उद्योजकाने काळ्यांसाठी म्हणून ती काढली आणि २००० साली सुमारे तीनशे कोटी डॉलरचा सौदा करून एका बड्या गोऱ्या कंपनीला विकली. अर्धनग्न नाच आणि बंदुका मिरवणारी गाणी दाखवून ही वाहिनी काळ्या पोरांची डोकी नासवते, हा मॅकग्रुडरचा पट्टीच्या दिवसांपासूनचा आरोप. म्हणून ह्यूई तिच्या विरोधात उपोषणाला बसतो. पण एक प्रसिद्धीचा भुकेला पाद्री त्या उपोषणाचा ताबा घेतो आणि त्यात स्वतःचे दुकान थाटतो. उपाशी मुलगा बाजूला राहतो, कॅमेरे पाद्रीकडे वळतात. आपल्या वाचकांना याचे स्पष्टीकरण देत बसायची गरज नाही. वाहिनीने हे भाग बाजूला ठेवले, पण जून २००८ मध्ये आलेल्या डीव्हीडी संचात ते होते. ज्याने संच विकत घेतला त्याला ते घरी पाहता आले. दूरचित्रवाणीच्या मालकांनी दार लावले, तर चळवळीचे म्हणणे मागच्या दाराने घरात शिरते. आपल्यालाही हा अनुभव आहे. आकाशवाणीने जी भीमगीते क्वचितच वाजवली ती कॅसेटमधून वस्तीवस्तीत गेली. ६ डिसेंबरला शिवाजी पार्कवर आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनी नागपुरात मांडलेल्या दुकानांतून आधी कॅसेट, मग सीडी विकल्या गेल्या. रमाबाई नगरच्या गोळीबारावर आणि विलास घोगरेंच्या मरणावर उभा राहिलेला आनंद पटवर्धन यांचा 'जय भीम कॉम्रेड' हा २०११ चा माहितीपटही वस्त्यांमध्ये पडदे लावूनच लोकांपर्यंत गेला.

अर्थात, डीव्हीडीच्या धंद्याला कोणाची कणव नसते. 'फॅमिली गाय' नावाची दुसरी एक उद्धट कार्टून मालिका २००२ साली बंद पडली होती. तिच्या डीव्हीडी इतक्या खपल्या आणि रात्रीचे पुनःप्रसारण इतके पाहिले गेले की २००५ साली वाहिनीला ती पुन्हा सुरू करावी लागली. तिच्यातही ज्यू, काळे, अपंग, स्त्रिया कोणालाच सोडलेले नाही, आणि म्हणून आम्ही सर्वांवर सारखेच हसतो हा बचाव नेहमी केला जातो. सर्वांवर सारखेच? पण सगळे सारख्या उंचीवर उभे असतील तरच हे म्हणता येईल ना! उतरंडीच्या वरच्या मडक्याला आणि खालच्या मडक्याला सारखाच दगड मारला तर फुटतात दोन्ही, पण भार कोणावर होता?

हाच प्रश्न आतल्या विनोदालाही सुटत नाही. डेव्ह शपेल हा काळा विनोदवीर. त्याच्या कार्यक्रमाच्या पहिल्या हंगामाची डीव्हीडी विक्रमी खपली. त्याला कोट्यवधी डॉलरचा करार मिळाला आणि २००५ साली तो सगळे टाकून दक्षिण आफ्रिकेत निघून गेला. त्याने पुढे सांगितलेले एक कारण असे : तोंडाला काळे फासलेल्या बुटक्याची नक्कल करत असताना चित्रीकरणाच्या जागी एक गोरा माणूस जरा जास्तच मोठ्याने हसला. त्या हसण्याने तो अस्वस्थ झाला. हा माणूस माझ्याबरोबर हसतोय की माझ्यावर? ज्याला जातीचा विनोद कार्यालयात ऐकावा लागला आहे, त्याला त्या हसण्याचा आवाज माहीत आहे.

'बूनडॉक्स'चा प्रेक्षकही केवळ काळा नव्हता. रकसची वाक्ये पाठ करून म्हणणारी गोरी पोरे होती आणि असणार. घरात, दार लावून, चार गोरे मित्र बसून हा संच पाहतात आणि त्या शब्दावर खिदळतात, तेव्हा मॅकग्रुडरचा विनोद कोणाच्या कामी येतो? त्याच्या विरोधकांचा हा मुद्दा सर्वांत बिनतोड होता आणि त्याच्या चाहत्यांनी त्याला कधी समाधानकारक उत्तर दिले नाही, असे माझे मत आहे.

आपल्या देशात या प्रश्नाचे एक उत्तर कायद्याने दिलेले आहे. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा अपमान करणारा स्वतः अनुसूचित जाती-जमातीचा नसावा आणि अपमान लोकांच्या नजरेसमोर झालेला असावा, असे म्हणतो. म्हणजे तोच शब्द कोण बोलला आणि कोठे बोलला, या दोन्हींना कायदा किंमत देतो. नामदेव ढसाळांनी 'गोलपिठा'त जी भाषा वापरली ती भाषा सवर्ण सरपंचाने चावडीवर वापरली तर तो गुन्हा. ढसाळांनी वापरली तर ते साहित्य. यात दुटप्पीपणा नाही, न्याय आहे. पण 'लोकांच्या नजरेसमोर' या शब्दांची दुसरी बाजूही आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात, घराच्या चार भिंतींच्या आत, बाहेरचे कोणी हजर नसताना झालेला अपमान या कलमात बसत नाही, असे म्हटले. चार भिंतींच्या आतले हसू कायद्याच्याही हाती लागत नाही.

मे २०१२ मध्ये आपल्याकडे झालेला वाद या संदर्भात पुन्हा पाहिला पाहिजे. अकरावीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकात शंकर यांचे १९४९ चे व्यंगचित्र होते. बाबासाहेब गोगलगायीवर बसलेले, मागे नेहरू चाबूक उगारून. संसदेत गदारोळ झाला, सरकारने ते मागे घेतले, पुण्यात प्रा. सुहास पळशीकर यांच्या कार्यालयाची मोडतोड झाली. ती मोडतोड बाबासाहेबांच्या मार्गाला धरून नव्हती, हे आपण स्पष्ट म्हटले पाहिजे. पण त्या वेळी इंग्रजी वर्तमानपत्रांतून दलितांना विनोदबुद्धी नाही असा जो सूर निघाला तो तितकाच खोटा होता. उन्नमती श्याम सुंदर यांनी १९३२ ते १९५६ या काळात बाबासाहेबांवर काढलेली शंभराहून अधिक व्यंगचित्रे एकत्र करून २०१९ साली पुस्तक काढले. ती चित्रे ओळीने पाहिली म्हणजे कळते की ब्रश बहुतेक वेळा सवर्णांच्या हातात होता आणि बाबासाहेब कधी लहान मूल, कधी बाई, कधी अडथळा असे रंगवले जात होते. वर्गात पन्नास मुले असतील आणि त्यांत आपली चार असतील, तर चाबकाच्या चित्रावर कोण हसते आणि कोण मान खाली घालते, हा प्रश्न पुस्तक मंडळाने विचारायला हवा होता.

आणि आपल्याला विनोदबुद्धी नाही हे बोलणाऱ्यांनी जोतीराव वाचावेत. 'गुलामगिरी'त धोंडीबा आणि जोतीराव मत्स्य, कच्छ, वराह या अवतारांची जी हजामत करतात तिच्यापुढे आजच्या कार्टून मालिका मवाळ वाटतील. १८५५ च्या 'तृतीय रत्न' नाटकात त्यांनी चक्क विदूषक उभा केला, जो जोशीबुवांची लबाडी प्रेक्षकांना उघड करून सांगतो. संस्कृत नाटकातला विदूषक राजाचा मित्र असलेला ब्राह्मण. जोतीरावांनी त्याला भटाच्या विरोधात कामाला लावले. सत्यशोधक जलशांनी आणि पुढे आंबेडकरी जलशांनी हाच धागा गावोगाव नेला. मात्र वरच्यांची टर उडवणारा हा विनोद वरच्यांना कधी सोसला नाही. १९८७ साली महाराष्ट्र शासनाने 'रिडल्स इन हिंदुइझम' छापले तेव्हा काय झाले ते आपण पाहिले आहे. बाबासाहेबांच्या लेखणीलाही सरकारने आपण सहमत नसल्याची टीप जोडली!

पण 'बूनडॉक्स'ने जे केले ते आपण फारसे केले नाही, ते म्हणजे आपल्यातल्याच सत्तेवर हसणे. मालिकेचा दुसराच भाग पाहा, नोव्हेंबर २००५ चा. विख्यात काळा गायक आर. केली याच्यावर अल्पवयीन मुलीच्या शोषणाचा खटला चालू आहे. सरकारी वकील आहे टॉम डुबॉइस; या नावात अंकल टॉमही आहे आणि बाबासाहेबांनी ज्यांना पत्र लिहिले ते डुबॉइसही. न्यायालयाबाहेर चाहत्यांची गर्दी आहे. काळ्या माणसाला अडकवण्याचा गोऱ्यांचा डाव आहे, अशा घोषणा चालल्या आहेत. आरोपीचा गोरा वकील वर्णाचा मुद्दा पुढे करतो आणि पुरावे धडधडीत असताना आरोपी सुटतो. दहा वर्षांचा ह्यूई भर न्यायालयात आपल्याच लोकांना सुनावतो. प्रत्यक्षातही २००८ साली केली निर्दोष सुटला. २०२१ साली दुसऱ्या खटल्यात तो दोषी ठरला आणि २०२२ मध्ये त्याला तीस वर्षांची शिक्षा झाली. मधल्या सगळ्या वर्षांत ज्या मुली बोलत होत्या, त्याही काळ्याच होत्या ना? समाजाची बदनामी नको म्हणून गप्प बसवले जाते ते कोणाला, हे कार्टूनने २००५ सालीच दाखवले होते. आपल्याकडे कुमुद पावडे, बेबी कांबळे, ऊर्मिला पवार यांनी घरातल्या पुरुषी सत्तेविषयी लिहिले, तेव्हा घरचे धुणे चव्हाट्यावर नको म्हणणारे कोण होते? आजही एखाद्या कार्यकर्त्याविरुद्ध बाईने तक्रार केली की मनुवाद्यांच्या हाती कोलीत मिळेल, हे वाक्य आधी येते आणि तिचे म्हणणे मागून. त्या वाक्यावर कोणी तरी हसायला हवे होते.

मालिकेचा शेवट मात्र चांगला झाला नाही. २०१४ साली चौथा हंगाम आला, त्यात मॅकग्रुडर नव्हता. पात्रे तीच, आवाज तेच, शिव्या तर अधिकच. पण जुन्या प्रेक्षकांनी जवळजवळ एकमुखाने नापसंती दाखवली. कारण उघड आहे. त्याच्या विनोदामागे राग होता, रागामागे वाचन होते, आणि आपल्या माणसांविषयीची ओढ होती. ती ओढ काढून घेतली की उरतो तो फक्त काळ्यांवरचा विनोद, जो अमेरिकेला दोनशे वर्षे येतच होता.

२०२० साली ही मालिका नव्या पद्धतीने, महाजालावरून घरपोच दाखवली जाऊ लागली तेव्हा तिसऱ्या हंगामातला एक भाग त्यातून वगळण्यात आला. वंशद्वेषी गाणी रचणारा एक गोरा गायक आणि त्याचा परमभक्त अंकल रकस यांच्या मैत्रीची ती गोष्ट आहे. जॉर्ज फ्लॉइडच्या हत्येचे ते वर्ष. कंपन्यांना एकाएकी काळ्यांच्या भावनांची काळजी वाटू लागली होती. गोऱ्या वंशद्वेष्ट्याची खिल्ली उडवणारा, काळ्या माणसाने केलेला भाग काढून टाकून ती काळजी त्यांनी व्यक्त केली. २०१० साली निघालेल्या डीव्हीडी संचात तो भाग जसाच्या तसा आहे आणि ज्याच्या घरी तो संच आहे त्याला तो लावायला कोणाची परवानगी लागत नाही.